अर्धं एमबीए झालं; काय शिकलात ते उधारीच्या वहीत तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलची पदवी, दोन वर्षं नोकरी, मग सीईटी देऊन पुण्यातल्या एका कॉलेजात एमबीएला प्रवेश. दोन सेमिस्टर झाली, गुण बरे आहेत. वडिलांचं सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. सुट्टीला घरी गेलात तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "वर्षभरात काय शिकलास?" आणि तुम्हाला धड उत्तर देता आलं नाही. कॉलेजनेही याच विषयावर अहवाल मागितला आहे. खरी धाकधूक वेगळीच आहे: दुसऱ्या वर्षाची फी भरायची, की इथेच थांबून परत नोकरी धरायची?

मी कोल्हापुरात एका फाउंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा, वित्त विभाग सांभाळतो. त्याआधी काही वर्षं साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो. दर उन्हाळ्यात एमबीएची मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात आणि अधूनमधून मी खेळतं भांडवल हा विषय शिकवायलाही जातो. त्यामुळे पहिलं वर्ष संपवलेला विद्यार्थी कसा दिसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याला शब्द सगळे येतात. 'करंट रेशो' (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) विचारला तर सूत्र सांगतो. पण समोर ताळेबंद ठेवून "या कंपनीला पुढच्या महिन्याचे पगार भागवता येतील का?" असं विचारलं की गप्प होतो.

याचा अर्थ तो शिकलेला नाही, असं मी म्हणणार नाही. त्याला शिकलेलं वापरून एकही निर्णय घ्यावा लागलेला नाही, म्हणून आपल्याला काय येतं हे त्यालाच कळत नाही. तुमची अडचण हीच आहे. वडिलांना उत्तर देता आलं नाही, कारण तुमच्याजवळची सगळी उत्तरं परीक्षेच्या प्रश्नांची आहेत आणि वडिलांचा प्रश्न परीक्षेतला नव्हता. तेव्हा फीचं नंतर बघू. आधी शिकलेलं तपासायचं कुठे, ते ठरवू. तुमच्यासाठी ती जागा घरातच आहे.

वडिलांच्या दुकानाचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून नमुन्यादाखल काही धरून चालतो. वर्षाची विक्री १ कोटी २० लाख. मालाची खरेदी १ कोटी ८ लाख, म्हणजे ढोबळ नफा १२ लाख. भाडं, हमाली, नोकर, वीज, गाडी मिळून ४ लाख, व्याज अजून धरलेलं नाही. उरले ८ लाख. वर्षभर सरासरी ४० लाखांची उधारी बाहेर, १५ लाखांचा माल गोदामात आणि वितरकांचं देणं ९ लाख.

आता पहिल्या सेमिस्टरचं पुस्तक उघडा. उधारीचे दिवस: ४० भागिले १२०, गुणिले ३६५, म्हणजे १२२ दिवस. मालाचे दिवस: १५ भागिले १०८, गुणिले ३६५, म्हणजे ५१ दिवस. वितरक आपल्याला साधारण ३० दिवस थांबतो (९ भागिले १०८, गुणिले ३६५). ५१ अधिक १२२ वजा ३०, म्हणजे १४३ दिवस; हेच रोकड चक्र. दुकानातून गेलेला रुपया जवळजवळ पाच महिन्यांनी परत येतो. अडकलेले पैसे ४० अधिक १५ वजा ९, म्हणजे ४६ लाख. हे सगळे बँकेच्या कॅश क्रेडिटवर (धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवं तेव्हा उचलायचं कर्ज) ११ टक्क्यांनी घेतले असं धरलं, तर व्याजच ५ लाखांच्या पुढे जातं. ८ लाखांतले ३ हातात राहिले. काही पैसा घरचा असेल तर व्याज वहीत दिसणार नाही, पण तोच पैसा दुसरीकडे काहीतरी कमावत असता, एवढं ध्यानात ठेवा.

ही गणितं तुम्ही परीक्षेत केली असणार, कदाचित दहापैकी नऊ गुणही मिळाले असतील. पण तिथे '४० लाख' हा आकडा प्रश्नपत्रिकेत छापलेला असतो. दुकानात तो शोधावा लागतो आणि खरं शिक्षण त्या शोधण्यात आहे. वही उघडलीत की लक्षात येईल की एकाच शेतकऱ्याची नावं दोन ठिकाणी आहेत, एक मुलाच्या नावावर, एक बापाच्या. कुणाचे पाच हजार मागच्या मागच्या हंगामातले आहेत. काही नावांपुढे वडील हसून म्हणतील, "हे राहू दे, आपलेच आहेत." पुस्तकात बुडीत कर्जाची तरतूद असते. ती तरतूद वडिलांनी मनातल्या मनात कधीच केलेली असते, फक्त कागदावर आलेली नसते.

यानंतर वर्गात शिकवलेली एक गोष्ट मोडून पुन्हा बांधावी लागेल. उधारीची वयवारी, म्हणजे कुठली उधारी किती जुनी याची वर्गवारी, आपण दिवसांवर करतो: ३० दिवसांच्या आतली, ६० च्या आतली, ९० च्या वरची. फाउंड्रीत मी तशीच करतो, कारण माझे ग्राहक कारखाने आहेत आणि त्यांना महिन्याच्या तारखा कळतात. तुमच्याकडे ती दिवसांवर केली तर दिशाभूल होईल. आडसाली (साधारण दीड वर्ष शेतात राहणाऱ्या) उसाची लागण जुलै-ऑगस्टची आणि तोड पुढच्या वर्षीच्या हंगामात. म्हणजे त्या शेतकऱ्याला लागणीच्या वेळी दिलेल्या खताच्या डोसाचे पैसे वर्ष उलटून गेल्यावर येणार आणि तरीही तो थकबाकीदार नाही. खोडव्याचं (तोडीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या उसाचं) चक्र साधारण वर्षाचं. भाजीपालावाला मात्र दोन-तीन महिन्यांत पैसे मोकळे करू शकतो. त्याने सहा महिने लावले तर काळजी करायची. तेव्हा वयवारी पिकावर करा. प्रत्येक नावापुढे पीक, लागणीचा महिना आणि पैसे येण्याचा अपेक्षित महिना लिहा. त्या महिन्यानंतर जे राहिलं, तीच थकबाकी. हा तक्ता कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण पाठ्यपुस्तक वाचलं नसतं तर तो करायचं सुचलंही नसतं. पहिल्या वर्षाने काय दिलं, याचं माझ्या लेखी हे उत्तर आहे.

अजून एक पदर आहे. उसाचं बिल शेतकऱ्याच्या खात्यावर पडण्याआधी विकास सोसायटीच्या पीककर्जाची वसुली बहुधा त्यातून परस्पर कापली जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या पैशावर पहिला हक्क सोसायटीचा, तुमच्या दुकानाचा नंबर मागचा. कर्जाची उतरंड, तारण असलेला आणि नसलेला धनको (पैसे येणं असलेला) वगैरे जे तुम्ही दुसऱ्या सेमिस्टरमध्ये घोकलंत, ते हेच. ज्याचं सोसायटीचं कर्ज मोठं, त्याला उधारी देताना हात आखडता घ्यावा, हे वडिलांना अनुभवाने माहीत असणार. तुम्ही ते कारणासकट मांडू शकता.

इथून एक पायरी वर चढा आणि साखर कारखान्याकडे बघा, कारण दुकानाची उधारी वसूल होणं शेवटी त्याच्यावर अवलंबून आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर) ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उतारा धरून. टनाला ३,५५०. एवढ्या उताऱ्याने एका टनातून साखर निघते १०२.५ किलो. भागाकार करा: फक्त उसाची किंमतच किलोला साडेचौतीस रुपयांच्या वर जाते. गाळप, पगार, देखभाल, व्याज अजून पुढेच आहे. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. नंतर एफआरपी अनेकदा वाढली, हा दर मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहिला. बाजारभाव त्याहून वर असतो हे खरं, पण मधली जागा किती अरुंद आहे ते बघा.

आता वेळेचं गणित घाला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. गाळप चार-पाच महिन्यांत उरकतं. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते, तीही केंद्राने ठरवलेल्या मासिक कोट्यात. म्हणजे पैसे आज द्यायचे आणि विक्री पुढच्या नोव्हेंबरपर्यंत चालायची. मधला काळ बँकेच्या माल तारण कर्जावर निघतो. मी हिशेब खात्यात होतो तेव्हा हंगामात आमची सगळी चर्चा याच एका गोष्टीभोवती फिरायची: आज किती पोती तारण ठेवली, बँकेने पोत्याला किती उचल मंजूर केली. नफ्याचं नाव मार्चपर्यंत कुणी काढत नसे. नफा आणि रोकड हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे मला तिथे कळलं. पदवी तेव्हा हातात होती आणि परीक्षेत रोकड प्रवाहाचं पत्रक मी बिनचूक मांडलेलंही होतं.

बाहेरच्या वातावरणाचं विश्लेषण म्हणून राजकीय, आर्थिक, सामाजिक असे रकाने तुम्ही भरले असतील. बहुतेकांचे रकाने सारखेच असतात, कारण ते एकमेकांकडून उतरवलेले असतात. त्या रकान्यात काय असायला हवं, याचं एक उदाहरण देतो. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने त्या वर्षासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरातच मर्यादित प्रमाणात परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी बंधनं उठवली. ज्यांनी कर्ज काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले होते, त्यांचा हंगाम या एका आदेशाने हलला. आणि कारखान्याचा हंगाम हलला की तीन-चार महिन्यांनी तुमच्या गल्ल्यावर त्याची सावली पडते. तुमच्या अहवालात 'राजकीय घटक' या शीर्षकाखाली अशी एक साखळी आली, तर परीक्षक नक्की थांबून वाचेल.

विपणनाचं थोडक्यात सांगतो, कारण माझा तो प्रांत नाही. उत्पादन, किंमत, स्थान, प्रसिद्धी ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडली आणि फिलिप कोटलर यांनी घरोघरी पोचवली. तुमच्या दुकानाला ती लावून बघा, दोन रकाने लगेच अडतील. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, हे सरकारने ठरवलेलं आहे. किंमत तुमच्या हातात नाही, तरी ती तुम्ही उधारीवर देता, म्हणजे आधीच बारीक असलेला नफा व्याजात जातो. मग युरिया ठेवायचा कशाला? कारण शेतकरी युरियासाठी येतो आणि जाताना विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्य, फवारणीचं औषध घेऊन जातो. (युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याचं जे 'लिंकिंग' चालतं, ते मी म्हणत नाही. ते वरून दुकानदाराच्या गळ्यात पडतं आणि दुकानदाराने ते शेतकऱ्याच्या गळ्यात घालावं अशी अपेक्षा असते. त्यावर तुमचे वडील तासभर बोलतील, ऐकून घ्या. वितरण साखळीत ताकद कुणाकडे असते, हा धडा त्यात आहे.)

आणि 'उत्पादन' म्हणजे काय? शेतकरी पान तोडून आणतो आणि विचारतो, "हे काय पडलंय?" वडील पान उलटं करून बघतात आणि औषध सांगतात. विकली जाते ती त्यांची खात्री. बाटली शेजारच्या दुकानातही मिळते. तुमच्या जिल्ह्याशी जोडलेलं जुनं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. नांगरात खोट नव्हती. अडलं होतं ते विश्वासावर. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुमच्या तालुक्यापासून ती लांब नाही, आणि तरी आपली मुलं वर्गात सादरीकरण करताना अमेरिकन शीतपेयांचीच उदाहरणं घेतात.

संख्याशास्त्राबद्दल मात्र थोडं आग्रहाने सांगतो, कारण बहुतेकांनी ते पास होण्यापुरतं केलेलं असतं आणि तुम्ही इंजिनिअर असल्याने 'हे आपल्याला येतं' म्हणून सोडून दिलेलं असणार. आमच्याकडे ओतकामात रिजेक्शन किती, हा रोजचा प्रश्न. महिन्याची सरासरी ५ टक्के आली की सगळे माना डोलावतात. पण ती सरासरी फोडली की दिसतं, बहुतेक पॅटर्न (ओतकामाचे नमुने) २ टक्क्यांवर आहेत आणि दोनच पॅटर्न १५ च्या वर. त्यातही ब्लो होल (ओतकामात वायूने पडणारी भोकं) पावसाळ्यात वाढतात, कारण वाळूतला ओलावा हलतो. पाच टक्के असा एकही दिवस आणि एकही पॅटर्न प्रत्यक्षात नसतो. मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका मुलीने येऊन फक्त एवढंच केलं: सहा महिन्यांच्या नोंदी पॅटर्नवार, पाळीवार आणि दोषवार लावल्या. तिला कुठलंही अवघड सूत्र वापरावं लागलं नाही. तिचा अहवाल आमच्या उत्पादन विभागाच्या भिंतीवर अजून लावलेला आहे. त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या मुलाने आमच्या कंपनीचं सामर्थ्य-कमतरता विश्लेषण दिलं होतं. भाषा सुरेख, एआयकडून लिहून घेतलेलं, आणि त्यात आमच्याबद्दल असं एकही वाक्य नव्हतं जे कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कुठल्याही फाउंड्रीला लागू झालं नसतं.

दुकानात हाच प्रयोग करायचा तर मालाची यादी घ्या. कुठल्या वस्तू एकूण नफ्याचा मोठा भाग आणतात, आणि कुठल्या नुसत्या फळी अडवतात? कीटकनाशकांना मुदत असते. मुदतीला सहा महिने राहिलेला माल वेगळा काढा, त्याची खरेदी किंमत बेरीज करा आणि तो आकडा वडिलांपुढे ठेवण्याआधी दोनदा तपासा.

वितरकाच्या सवलतींकडेही बघा. माल मिळताच रोख दिले तर ३ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांची मुदत, अशी योजना असेल तर तिचा हिशेब करा. ९७ रुपये महिनाभर वापरण्यासाठी आपण ३ रुपये मोजतो. वर्षाचा दर ३७ टक्क्यांच्या घरात जातो. कॅश क्रेडिट ११ टक्क्यांचं असेल, तर बँकेतून पैसे उचलून वितरकाला रोख द्यावेत. अनेक दुकानदार बँकेचं व्याज दिसतं म्हणून ते टाळतात आणि सूट सोडून देतात, कारण सुटलेली सूट वहीत कुठेच लिहिली जात नाही. ही एक गोष्ट जरी तुम्ही घरी नीट समजावून सांगितलीत, तरी फीचा काही भाग वसूल झाला असं वडील म्हणतील.

मात्र सांगायचं कसं, याला फार जपा. वडिलांसमोर जाऊन "तुमचं रोकड चक्र १४३ दिवसांचं आहे" असं म्हणालात तर वही पुन्हा हाताला लागणार नाही. त्यांनी त्या उधारीवर तुमची इंजिनिअरिंगची फी भरली आहे. आधी आठवडाभर गल्ल्याजवळ बसा, बिलं फाडा, पॉस यंत्रावर (खतविक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर) शेतकऱ्याचा अंगठा घ्या. कोण आलं, काय मागितलं, काय नाही म्हणून परत गेलं, ते टिपून ठेवा. मग एखाद्या संध्याकाळी विचारा, "यंदा सगळ्यात उशिरा पैसे कुणाचे येणार, असं तुम्हाला वाटतं?" ते सांगतील. तुमच्या तक्त्याशी ते ताडून बघा. जिथे जुळणार नाही, तिथे बहुतेक वेळा त्यांना एखादी गोष्ट माहीत असते जी तक्त्यात नाही: कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाची विहीर आटली आहे. क्वचित तुमचा तक्ता बरोबर निघतो. दोन्ही वेळा शिकणारे तुम्हीच.

कॉलेजचा अहवाल आता सोपा होईल. 'मला वित्तीय व्यवस्थापनाच्या विविध संकल्पनांची सखोल ओळख झाली' असली वाक्यं मी शेकड्यांनी वाचली आहेत आणि त्यातून मला लिहिणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी समजा लिहिलंत: 'मला वाटायचं की आमच्या दुकानाला विक्री वाढवायची गरज आहे. उधारीचे दिवस काढल्यावर दिसलं की आत्ताच्या पद्धतीने विक्री २० टक्क्यांनी वाढवली, तर आणखी ९ लाख अडकतील, आणि ते आमच्याकडे नाहीत.' आधी काय वाटत होतं, कशाने मत बदललं, आणि अजून काय कळलेलं नाही, इतकं एका विषयापुरतं आलं तरी पुरे. दहा विषयांवर प्रत्येकी एक परिच्छेद नको.

आणि त्या अहवालात गटाच्या प्रकल्पाबद्दल खरं लिहा. मुखपृष्ठावर पाच नावं आणि काम दोघांचं, हे सगळ्या कॉलेजांत होतं. मी मुलाखतीत मुद्दाम विचारतो, "गटात काम न करणाऱ्याचं तुम्ही काय केलंत?" 'आमचा गट फार छान होता' हे उत्तर मला नको असतं. 'दोन आठवडे काहीच बोललो नाही, मग काम वाटून तारीख लावली, एकाने तरी केलं नाही, त्याचा भाग मी केला आणि पुढच्या वेळी त्याला घेतलं नाही' असं कुणी सांगितलं की मी पेन खाली ठेवून ऐकतो. संघटन वर्तनाच्या पेपरात मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण काढून जे कळत नाही, ते इथे कळतं.

इंटर्नशिप कुठे करावी, हे परिस्थितीवर आहे. मोठ्या कंपनीचं नाव बायोडेटावर असावं हा मोह चुकीचा नाही. तुमच्या कॉलेजात कंपन्या मोजक्याच येत असतील तर त्या नावाने निदान बायोडेटा उघडला जातो. पण तिथे दोन महिने सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेण्यात जाणार असतील, तर मी लहान जागा निवडेन, जिथे मालक लेजर दाखवेल. आधीच स्पष्ट विचारा: "मला कुठली माहिती बघायला मिळेल आणि रोज कुणाला भेटायचं?" यावर गोलमोल उत्तर आलं तर समजून जा. घरचं दुकानच इंटर्नशिप म्हणून दाखवू नका, ती जागा अभ्यासासाठी ठेवा. बाहेरच्या माणसाच्या हाताखाली काम करणं हा वेगळा अनुभव आहे, तो घरी मिळत नाही. स्पेशलायझेशनचं म्हणाल, तर मेकॅनिकल आणि दोन वर्षांची नोकरी पाठीशी असताना वित्त आणि ऑपरेशन्स अशी जोडी मला सगळ्यात उपयोगी वाटते. कारखान्यात यंत्राची भाषा आणि खर्चाची भाषा दोन्ही कळणारी माणसं फार थोडी मिळतात. मित्र मार्केटिंग घेतायत, हे कारण पुरेसं नाही.

राहता राहिला फीचा प्रश्न. पहिल्या वर्षाचे पैसे गेले, ते हिशेबात धरू नका. थांबलात तरी ते परत येणार नाहीत आणि पुढे गेलात तरी नव्याने लागणार नाहीत. हे तुम्ही वर्गात शिकला आहात, स्वतःला लावणं तेवढं अवघड जातं. तुलना पुढच्या एका वर्षाची करा: एका बाजूला दुसऱ्या वर्षाची फी, राहण्याचा खर्च आणि नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार. दुसऱ्या बाजूला पदवी हातात असताना मिळणारा वाढीव पगार, आणि तो जाहिरातीतल्या सर्वोच्च पॅकेजवरून नको. मागच्या दोन तुकड्यांतल्या मधल्या मुलांना काय मिळालं, हे त्यांनाच फोन करून विचारा. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ता नंतर सुरू होतो, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं, तेही मांडा. जुनी नोकरी परत मिळत असेल, घरी पैशाची ओढ असेल आणि कॉलेजातून मधल्या मुलांना तेवढाच पगार मिळत असेल, तर थांबण्यात कमीपणा काही नाही. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर मी वर्ष पुरं करीन. अर्धवट पदवीचा खुलासा प्रत्येक मुलाखतीत द्यावा लागतो आणि पहिल्या वर्षी शिकलेले सुटे धागे जुळायला लागतात ते तिसऱ्या सेमिस्टरमध्येच.

निर्णय मात्र आज घेऊ नका. आधी पंधरा दिवस घरी काढा. पीकवार उधारीचा तक्ता, मुदत संपत आलेला माल आणि वितरकाच्या सवलतीचा दर, ही तीन कामं करा. कॅश क्रेडिटची मर्यादा किती आहे आणि हंगामाच्या तोंडावर ती किती वापरली जाते, हेही बँकेच्या पासबुकावरून काढा. नावं आणि गावं न लिहिता आकडे पाठवलेत, तर उधारी कुठून कमी करता येईल, यावर मला जास्त नेमकं बोलता येईल.